सुवा सरोवराकाठचे परवडणारे र्‍योकान

जपानमधील नागानो प्रांतातल्या सुवा सरोवराकाठी, कामीसुवा स्थानकापासून चालत जाता येईल अशा एका जुन्या र्‍योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीच्या निवासगृहात, आम्ही दोन रात्री राहिलो. सरोवराकडे उघडणारी खोली आणि रात्रीचे साग्रसंगीत पारंपरिक जेवण यांमुळेच भाडे चढते. म्हणून आम्ही आठवड्याच्या मधल्या दिवसांत, मागच्या बाजूची खोली फक्त न्याहारीसह घेतली आणि तो निर्णय अगदी योग्य ठरला. सरोवर तसेही सामायिक स्नानगृहाच्या मोठ्या काचेतून दिसतच होते. पहाटे त्या कढत पाण्यात गळ्यापर्यंत बसून बाहेरचे धुके हळूहळू विरताना पाहिले, तेव्हा प्रवासाचा सगळा शीण उतरला. तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईवर, अंथरलेली गादी मात्र पातळ होती. पाठदुखी असणाऱ्यांनी जास्तीची गादी आधीच मागून घ्यावी. कुंडात उतरण्यापूर्वी साबणाने स्वच्छ अंघोळ करावी लागते आणि अंगावर वस्त्र चालत नाही, याचा संकोच पाच मिनिटांत सरतो. शाकाहारींनी आरक्षण करतानाच स्पष्ट लिहावे, कारण मिसो या आंबवलेल्या सोयाबीनच्या सूपमध्येही बहुधा माशाचा अर्क असतो. जवळच १९२८ साली बांधलेले काताकुराकान हे सार्वजनिक स्नानगृह आहे, तेथील १.१ मीटर खोल कुंडात तळाच्या गोट्यांवर उभे राहून स्नान करतात. तेथे अवश्य जावे.