हौद्यात आठ बाय चार बसत नाही, बाकी गाडी चांगली आहे

तीन पावसाळे काढले गाडीने, मीटरवर 58 हजार किलोमीटर झालेत, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. डबल कॅब, म्हणजे चार दरवाज्यांची आणि मागे सामानाचा उघडा हौदा असलेली डिझेल पिकअप, फोर बाय फोर, मॅन्युअल. कंपनीचं नाव घेत नाही कारण सर्व्हिस सेंटरला दर दोन महिन्यांनी तोंड दाखवावं लागतं आणि तिथली पोरं चांगली आहेत, ज्यांना ओळखायची ते गाडी ओळखतीलच. हिचंच नवीन, वरपासून खालपर्यंत बदललेलं मॉडेल येणार म्हणून सध्या गाडीवेड्या लोकांत जोरात चर्चा चालू आहे, आणि सगळे भांडतायत ते स्क्रीन किती इंचाची आणि पुढची जाळी कशी यावरून. म्हणून म्हटलं, जो माणूस रोज हौद्यात सामान भरतो त्याचंही जरा ऐकून घ्या.

माझा धंदा सांगतो म्हणजे पुढचं रडगाणं कळेल. मी सेट बनवतो. एकांकिकांचे, छोट्या नाटकांचे, गणपतीत मखरं आणि मंडळांची सजावट, आणि बाकीचे महिने पोटासाठी प्रदर्शनातले स्टॉल. वर्कशॉप शिवडीला, प्लाय आणायचा रे रोडवरून. आता सेट म्हणजे शेवटी काय, तर फ्लॅट, म्हणजे लाकडाची चौकट आणि तिच्यावर प्लाय नाहीतर कापड, आणि त्याची सगळी मापं निघतात 8 बाय 4 वरून, कारण बाजारात प्लायचं शीटच 8 फूट बाय 4 फूट येतं. दरवाजा काढा, भिंत काढा, गणपतीमागची महिरप काढा, सुरुवात त्या एका शीटपासून.

आणि माझ्या गाडीचा हौदा लांबीला जेमतेम 5 फूट. रुंदी वरवर बघितली तर बरी वाटते पण आत दोन्ही बाजूंना चाकांवरचे उंचवटे आलेत, त्यांच्या मधली जागा मी स्वतः टेप लावून मोजलीय, पावणेचार फूटसुद्धा भरत नाही. म्हणजे शीट तळाला सपाट बसणारच नाही, ते त्या उंचवट्यांवर टेकतं, खाली पोकळी राहते, आणि मागे तीन फूट बाहेर लटकतं. मग फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं झाकण, उघडा ठेवा, दोरी मारा, लाल फडकं बांधा आणि मागच्या बाइकवाल्याच्या शिव्या खात जा. घेताना हे बघितलं नाही का असं कोणीही विचारेल. नाही बघितलं. शोरूममध्ये मी पण स्क्रीनच बघत होतो.

गेल्या डिसेंबरची गोष्ट. एका कॉलेजची एकांकिका, दादरला शिवाजी मंदिरला प्रयोग, सेटमध्ये एकच मोठं दार, चौकटीसकट. शिवडी ते दादर अंतर ते काय, पण मध्ये कुठेतरी पेव्हर ब्लॉक उखडलेला होता, गाडी उडाली, आणि खालून आधार नसलेला फ्लॅट मधोमध चिरला. तिथेच फुटपाथवर बसून पट्टी मारली, पण चौकट वाकडी झाली ती झालीच. प्रयोगात ते दार काही केल्या बंद होईना, हिरोईन तीनदा आपटून गेली. परीक्षकांना ते प्रतीकात्मक वाटलं म्हणे, नेपथ्याला दुसरं बक्षीस दिलं. मुलांनी मला पेढे दिले आणि मी कोणाला काही बोललो नाही.

तर नवीन गाडीकडून माझी पहिली मागणी ही. तळाला 4 फूट रुंदी द्या. हे काही चंद्र मागणं नाही. अमेरिकेत ज्याला फुल साइझ पिकअप म्हणतात, फोर्डची एफ 150, शेवरोले सिल्वराडो, रॅम, टोयोटाची टुंड्रा, त्या सगळ्यांत चाकांच्या उंचवट्यांमधून 4 फुटी शीट सपाट जातं, कारण त्या गाड्या सुतार, प्लंबर, शेतकरी यांच्यासाठीच वाढल्या. माझा चुलत भाऊ ह्यूस्टनला असतो, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा दोन आठवडे त्याच्या एफ 150 मधून फिरलो. खरं सांगतो, मला तिचं इंजिन आठवत नाही. आठवतो तो फाळका. आडवा पाडला की त्याच्या आतल्या बाजूला मापाच्या खुणा कोरलेल्या, पेन्सिल ठेवायला खाच, क्लॅम्प लावायला खोबणी. 2021 च्या मॉडेलपासून देतात म्हणे. म्हणजे कोणीतरी इंजिनिअर उठून एखाद्या सुताराकडे गेला असणार आणि हा माणूस फाळक्यावर प्लाय ठेवून कापतो हे बघून आला असणार. आमचा सुनील मिस्त्री पण तेच करतो, फक्त आमच्या फाळक्यावर खुणा त्याने करवतीने पाडल्यात, चुकून.

त्याच गाडीच्या हायब्रिडमध्ये हौद्यातच प्लग पॉइंट येतात, 7.2 किलोवॉटपर्यंत वीज काढता येते. मी इथे प्रत्येक मंडळाच्या कार्यकर्त्याला दादा दादा करत एक वायर मागत फिरतो, ड्रिल आणि ग्लू गनसाठी. एवढी नको हो, दोन किलोवॉट द्या, 230 व्होल्टचा एक साधा प्लग आणि पाऊस लागू नये म्हणून वर झाकण. सनरूफपेक्षा स्वस्तात होईल.

व्ही एट, म्हणजे आठ सिलेंडरच्या इंजिनाच्या वादात मी पडत नाही. टुंड्राने 2022 ला व्ही एट काढून व्ही सिक्स टर्बो आणलं तेव्हा तिकडचे लोक हळहळले, रॅमने 2025 च्या मॉडेलमधून हेमी व्ही एट काढलं तर एवढी बोंब झाली की 2026 च्या मॉडेलला परत आणावं लागलं. आवडीनिवडी समजू शकतो मी, बुलेटचा ठोका गेला तर आपणही रडूच. पण परळ टीटीला सिग्नलला उभं राहायला आठ सिलेंडर कशाला.

इंजिनापेक्षा मला त्रास झालाय तो डीपीएफचा, आणि हे मुंबईत डिझेल घेणाऱ्या प्रत्येकाने नीट वाचा. बीएस 6, म्हणजे धुराच्या सरकारी नियमात बसणाऱ्या डिझेलच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो भरला की गाडी जास्तीचं डिझेल खर्चून स्वतःच तो तापवते, सहाशे डिग्रीच्या आसपास, आणि आतली काजळी जाळून टाकते. यासाठी गाडी थोडा वेळ सलग, बऱ्या वेगात पळायला लागते. आता शिवडी, लालबाग, दादर, परत शिवडी यात सलग कुठून पळवू? दर तीन आठवड्यांनी दिवा लागतो, की मी एक्स्प्रेसवेला लागतो आणि लोणावळ्याला जाऊन येतो. घरी आधी खरं वाटायचं नाही. बायको म्हणायची, अहो फिल्टर जाळायला जाता तर मग चिक्की कशी येते. नवीन गाडीत हे काम बटण दाबून उभ्या उभ्या करायची सोय मालकाच्या हातात द्या, आत्ता ते सर्व्हिस सेंटरला लॅपटॉप लावूनच होतं, आणि काजळी किती टक्के भरलीय तेही दाखवा, नुसता पिवळा दिवा लावून घाबरवू नका.

चांगलं पण सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता कुरकुरतो. पाण्यात गाडी म्हणजे बोट आहे. हिंदमाताला मांडीएवढ्या पाण्यातून दोनदा काढलीय, एकदा तर मागे मखराचे थर्माकोल नाही, पुठ्ठ्याचे खांब होते, एक पण भिजला नाही कारण हौदाच एवढा उंच. 26 जुलै 2005 चा पूर ज्याने बघितलाय, मी तेव्हा कुर्ल्याला अडकलो होतो, त्याला हवा आत घेणारा पाइप बॉनेटमध्ये वर कुठे आहे ते बघितल्याशिवाय गाडी घ्यायची हिंमत होत नाही. इथे कंपनीला पैकीच्या पैकी. क्लच तीन वर्षांत बदललेला नाही, एसी बर्फासारखा, आणि भरलेल्या गाडीने घाट चढताना दम लागत नाही.

भरलेली असतानाच बरं का. रिकामी असली की मागून बेडकासारखी उड्या मारते. मागे पाटे, म्हणजे एकावर एक लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा आहेत, टनाच्या आसपास वजनासाठी बसवलेले, हौद्यात काही नसलं तर ते दबायलाच तयार नसतात आणि सगळा धक्का थेट पाठीत. आईला एकदा मागच्या सीटवर बसवून ठाण्याला मावशीकडे नेलं, मागच्या सीटची पाठ पण अशी सरळसोट की शाळेच्या बाकाची आठवण यावी, तर ठाण्याला पोचेपर्यंत ती गप्प होती आणि उतरल्यावर म्हणाली, बाळा, येताना मी लोकलने येते. रॅमने 2009 पासूनच मागे कॉइल स्प्रिंग लावलेत, टुंड्राने पण 2022 ला पाटे सोडले. पण इथे माझं मत इतरांपेक्षा वेगळं आहे, पाटे राहू द्या. पाटा तुटला तर शिवडीत, वडाळ्यात कुठेही संध्याकाळपर्यंत बसवून मिळतो. फक्त पट्ट्यांची रचना अशी करा की हलक्या वजनाला वरच्या पट्ट्या काम करतील आणि खालची जाड पट्टी भार आल्यावरच लागेल. आईला थोडं कमी लागेल.

स्क्रीनबद्दल एकच. ओल्या बोटांनी चालत नाही. मुंबईत चार महिने बोटं ओलीच असतात. एसी आणि काच पुसायची बटणं खरी, दाबता येतील अशी हवीत, विषय संपला.

गंजाचं मात्र गंभीर आहे. शिवडीची खारी हवा, त्यात हौद्याच्या कोपऱ्यात पाणी साचतं कारण निचऱ्याची भोकं एवढी बारीक की भुशाने लगेच बुजतात. मी आता सायकलची तार घालून साफ करतो. दुसऱ्याच पावसाळ्यात फाळक्याच्या बिजागरीपाशी रंग फुगला. वॉरंटीत बसत नाही म्हणाले, सामान घासल्यामुळे झालं म्हणे. अहो, हौद्यात सामान घासणार नाही तर काय पूजा मांडणार? फोर्डने 2015 ला एफ 150 ची सगळी बॉडी ॲल्युमिनियमची केली, टुंड्राचा हौदा आता फायबर मिसळलेल्या प्लास्टिकचा येतो, तो गंजणारच नाही. आपल्याकडे किंमत वाढेल हे मान्य, पण निदान आतून जाड रबरी लेप कंपनीतूनच मारून द्या आणि भोकं अंगठा जाईल एवढी पाडा.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, ज्यावर माझंच माझ्याशी भांडण होतं. हौदा मोठा हवा म्हणतोय, पण गाडी मोठी झाली तर लावू कुठे? आत्ताच 5.3 मीटर लांबी आहे. आमची चाळ पाडून टॉवर झाला, खाली यांत्रिक पार्किंग आलं, लिफ्टसारखं वर खाली होणारं. त्या ट्रेवर माझी गाडी बसत नाही, मागचा भाग बाहेर राहतो आणि सेन्सर बोंबलतो. सेक्रेटरी काका पहिल्या दिवशी म्हणाले, अहो हा ट्रक आहे. मी म्हटलं, काका, मेंटेनन्स गाडीचाच घेता ना. शेवटी विनवण्या करून गेटजवळच्या टाकीपाशी जागा मिळवली. एफ 150 चार दरवाज्यांची घेतली तर ती 5.9 मीटरला टेकते आणि आरसे न धरताच 2 मीटरच्या वर रुंद. ती आमच्या गल्लीत आली तर गल्लीच बंद, दूधवाला पण जाणार नाही.

याचं उत्तर शेवरोलेने कधीच काढून ठेवलंय आणि आपल्याकडे कोणी त्याचं नाव काढत नाही याचंच मला नवल वाटतं. 2002 च्या मॉडेलला त्यांनी ॲव्हलांच नावाची गाडी आणली, हौदा सव्वापाच फुटांचाच, पण मागची सीट दुमडायची आणि केबिनची मागची भिंतच खाली पाडायची, की हौदा केबिनच्या आत शिरून 8 फुटांचा होतो. प्लाय आत, फाळका बंद. ती गाडी 2013 ला बंद झाली, आता त्यांच्याच इलेक्ट्रिक सिल्वराडोमध्ये तोच प्रकार परत आलाय. मुंबईसाठी याच्याइतकं सोयीचं काही असूच शकत नाही. लांबी 5.3 च ठेवा, एक इंच वाढवू नका, फक्त ती भिंत पाडता येऊ द्या. पावसात पाणी आत येऊ नये म्हणून रबर नीट लागेल, केबिनची मजबुती सांभाळावी लागेल, खर्च आहेच, मला कळतं. पण वर्षातले तीनशे दिवस माझी मागची सीट रिकामीच असते, आईने तर लोकल धरलीच आहे.

परवा शोरूममधून फोन आला, नवीन मॉडेलसाठी नाव नोंदवून ठेवा, जुनीला चांगला भाव देतो. मी गेलो, टेप खिशात घालूनच गेलो. नवीन गाडी अर्थात नव्हती, टॅबवर चित्रं होती. मी विचारलं, दोन चाकांच्या मधली रुंदी किती. तो पोरगा बिचारा चांगला होता, माहितीपत्रक चाळलं, आतल्या केबिनमध्ये जाऊन साहेबांना विचारून आला आणि म्हणाला, सर, ॲम्बियंट लाइटमध्ये चौसष्ट रंग येतात. चहा चांगला होता. नाव नोंदवलं नाही. येताना रे रोडच्या वेल्डरकडे थांबून हौद्याच्या कडांवर बसेल असा पाइपचा स्टँड सांगितलाय, शीट तिरकं उभं राहील असा. गणपतीच्या आधी देतो म्हणालाय.