लेझरकट चेंबर किट: कापाकापी वाचते, स्ट्रेनरचं काम तुमच्याच गळ्यात

दुसरं इंजिन गाडीत बसवताना चेंबर (इंजिनाखालचा तेलाचा डबा) आडवा येतो तो बहुतेक वेळा दोनच जागी: क्रॉसमेंबरवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या आडव्या दांड्यावर, नाहीतर स्टिअरिंग रॅकवर. इंजिनाच्या चेंबरचा खोल भाग पुढे असतो आणि गाडीला तो मागे हवा असतो, किंवा उलट. अशा वेळी लेझरने कापलेले पत्रे एकत्र देणारं, घरी वेल्ड करून जोडायचं किट सोयीचं वाटतं. साधारणपणे त्यात 10 मिमी जाडीचा फ्लँज (ब्लॉकला बोल्टने जोडायची सपाट कड), 3 मिमीचे बाजूचे व तळाचे पत्रे, 2 मिमीची बॅफल (तेल हिंदकळू न देणारी आतली आडपट्टी) आणि तेल काढायच्या ड्रेनसाठी एम14 x 1.5 आट्याचा बुश असतो. स्ट्रेनर (पंपाकडे जाणारं तेल गाळणारी जाळी) आणि त्याची नळी नसते. डिपस्टिकची, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीची, सोयही नसते.

फ्लँज ही या किटची सगळ्यात मोलाची वस्तू. वीसेक बोल्टची भोकं हाताने अचूक जुळवणं म्हणजे दिवसभराची डोकेदुखी, आणि ती इथे पूर्ण वाचते. पत्र्यांना खाच-जीभ असल्याने खोका काटकोनात उभा राहतो. पण खरेदीआधी ब्लॉकचा खालचा चेहरा नीट बघा. पुढच्या कव्हरला किंवा मागच्या सीलजवळ अर्धगोल असेल, तर सपाट फ्लँजचं किट तिथे बसणारच नाही. मूळ चेंबर अॅल्युमिनियमचा ओतीव असून गिअरबॉक्सलाही बोल्टने जोडलेला असेल, तर तो नुसतं तेल धरत नाही, जोडाला ताठपणाही देतो. त्याच्या जागी पत्र्याचा डबा लावला की ब्लॉक आणि बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनाकडचं कवच) यांच्यामध्ये वेगळा ब्रॅकेट द्यावा लागतो.

चेंबरची खोली कमी करायची असेल तर आधी हिशेब. तळ 28 x 24 सेंमीचा असेल तर दर सेंटीमीटरला 0.67 लिटर तेल मावतं. क्रॉसमेंबरसाठी 4 सेंमी कापले की जवळपास 2.7 लिटर गेलं. ते परत मिळवायला दोन्ही बाजूंना 28 सेंमी लांब, 6 सेंमी रुंद, 8 सेंमी उंच पंख काढले तर बरोबर तेवढीच जागा मिळते. किटमधले पंख याहून अरुंद असले तर पत्रा बदलून घ्या, आणि एक्झॉस्ट पाइप त्यांना चिकटत नाही ना ते इंजिन जागेवर लटकवून तपासा. इंजिन ज्यावर बसतं ती फाउंडेशनची रबरं दबतात, ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन कलतं. म्हणून चारही बाजूंना किमान 15 मिमी मोकळीक हवी. अंदाज नको, मऊ माती चिकटवून मोजा.

वेल्डिंगबद्दल किटच्या सूचना फारच त्रोटक असतात, आणि नेमकं तिथेच काम बिघडतं. शिवण फ्लँजच्या खालच्या अंगाला पडते. ती गार होताना आखडते आणि फ्लँजची टोकं खाली ओढते. मध्ये टेकतो, कोपऱ्यांत फट. मग तेल तिथूनच गळणार. उपाय सोपा: फ्लँज भंगारातल्या ब्लॉकवर किंवा 20 मिमी जाड प्लेटवर सगळ्या बोल्टनी आवळा, दर 30 मिमीवर टॅक (वेल्डचा छोटा ठिपका) मारा, मग 25 मिमीचे तुकडे आलटून पालटून समोरासमोरच्या बाजूंना घाला. ज्योत जाड फ्लँजकडे झुकती ठेवा, नाहीतर पत्रा जळून भोक पडतं. पूर्ण गार होईपर्यंत बोल्ट सोडू नका. नंतर सरळपट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घाला, 0.15 मिमीचं पान आत जात असेल तर फ्लँज मशीनवर घासून घ्या, सिलिकॉनवर भरवसा ठेवू नका. वापरातल्या इंजिनाच्या ब्लॉकवर चेंबर लावून वेल्डिंग तर मुळीच नको. वेल्डिंगचं अर्थिंग चुकलं की करंट बेअरिंगमधून फिरतो.

गळती तपासायला रॉकेल आणि खडू पुरतात. बाहेरून शिवणींवर खडूची पेस्ट लावून वाळवा, आतून रॉकेल ओता, तासाभराने बघा. जिथे खडू ओला, तिथे शिवण घासून पुन्हा वेल्ड.

आता स्ट्रेनर. किट घेणारे बहुतेक जण इथे अडकतात. जाळी तळापासून 6 ते 10 मिमी वर हवी. त्याहून जवळ आली तर तेल गळचेपीने येतं, फार वर राहिली तर वळणावर पंप हवा ओढतो आणि प्रेशरचा काटा नाचतो. मूळ नळी वाढवताना आतला व्यास कुठेही कमी होऊ देऊ नका आणि ओ-रिंग नवीच टाका. तिथून हवा शिरली तर तेल पूर्ण असूनही प्रेशर उशिरा चढतं. लांब झालेल्या नळीला क्रँक धरणाऱ्या मेन कॅपच्या बोल्टवर आधारपट्टी द्या, नाहीतर थरथरीने ती वेल्डपाशी तडकते.

बॅफल मात्र चांगली निघते: दारं फक्त स्ट्रेनरच्या दिशेने उघडतात, म्हणजे ब्रेक मारताना तेल पुढे पळत नाही. तिच्या कडांना परतीच्या तेलासाठी जागा मात्र ठेवा. चेंबर बसवून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट आणि बॅफल यांत 6 मिमीपेक्षा कमी अंतर नको.

ड्रेनच्या बुशचा काठ आत वर आला तर तेवढं जुनं तेल कायम तळाशी राहतं, म्हणून तो तळाच्या पातळीला घासून घ्या. ग्राइंडरची धूळ आणि वेल्डिंगचे मणी गरम साबणपाण्याने, ब्रशने काढा. आतून रंग देऊ नका. सुटलेला पापुद्रा थेट जाळीवर बसतो. डिपस्टिकवरच्या जुन्या खुणा आता निरुपयोगी: गाडी सपाट जागी उभी करून मोजून तेल भरा, इंजिन चालवून थांबवा, दहा मिनिटांनी खूण करा, मग एक लिटर काढून खालची खूण करा. वरची खूण क्रँकच्या वजनांच्या खालीच राहायला हवी, नाहीतर तेल फेसाळतं.

जाता जाता: 10 मिमी फ्लँजला जुने बोल्ट आखूड पडतात. एम6 (6 मिमीच्या) बोल्टला ब्लॉकमध्ये किमान 9 मिमी आटे धरतील अशी लांबी घ्या. किटसोबत मिळणारे बोल्ट मोजूनच वापरा.