पाटीवर 18 टक्के, हिशेबात 142 टक्के

महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराने जास्तीत जास्त किती व्याज घ्यावे, हे राज्य शासनाने ठरवून दिलेले आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली जाहीर झालेल्या दरांनुसार शेतकऱ्यांना तारणी कर्जावर वर्षाला 9 टक्के व विनातारण कर्जावर 12 टक्के, तर इतरांना अनुक्रमे 15 आणि 18 टक्के इतकेच व्याज लावता येते. या 18 टक्क्यांवर भरवसा ठेवून आम्ही मध्य मुंबईतल्या एका परवानाधारक सावकाराकडून कर्ज घेतले आणि प्रत्यक्षात 140 टक्क्यांहून अधिक दराने व्याज भरले. कागदावर मात्र मर्यादेचा भंग कुठेच दिसत नाही. ही युक्ती अनेकांवर चालवली जात असल्याचे आता कळले आहे, म्हणून ती आकड्यांसह मांडतो.

आमची चाळ पुनर्विकासात गेली आणि काही काळाने बिल्डरकडून येणारे भाडे थकले. ज्या खोलीत राहत होतो तिचा करार संपत आला होता, आणि नव्या जागेच्या अनामतीसाठी एक लाख रुपये लागत होते. मी एका खासगी कंपनीत आवक-जावक विभागात नोकरी करतो. कोरोनाच्या काळात क्रेडिट कार्डाचे काही हप्ते चुकल्यामुळे सिबिल खराब झालेले होते, त्यामुळे बँकेने अर्ज घेतलाच नाही. एका वित्त कंपनीने 28 टक्क्यांनी कर्ज देऊ केले. त्याच सुमारास ओळखीच्या माणसाने या सावकाराच्या कचेरीत नेले. भिंतीवर चौकटीत लावलेला शासनाचा परवाना होता आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत पाटी होती: विनातारण कर्ज, द.सा.द.शे. 18 टक्के. ज्याच्याकडे सरकारी परवाना आहे आणि जो सरकारी दर लावतो, त्याचे कर्ज 28 टक्क्यांपेक्षा स्वस्त पडेल असेच कोणीही समजेल.

वचनचिठ्ठी लिहिली गेली ती दीड लाखाची. कर्ज एक लाखाचे असताना हा आकडा का, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की विनातारण कर्जात सुरक्षिततेसाठी तसे लिहावेच लागते, हप्ते वेळेवर भरले की वरच्या पन्नास हजारांचा प्रश्न येत नाही. त्या एक लाखातूनही फाईल खर्च म्हणून पाच हजार आणि वकिलाची फी म्हणून तीन हजार कापून 92,000 रुपये रोख हातात ठेवले. सोबत तीन कोरे चेक आणि सहीपुरता एक कोरा स्टँपपेपर घेतला. हप्ता ठरला महिन्याला 14,750 रुपये, बारा महिने. हा आकडा दीड लाखावर वर्षाचे सरसकट 18 टक्के, म्हणजे 27,000 रुपये मिळवून बारांनी भागल्यावर येतो. म्हणजे ज्या पन्नास हजारांचा प्रश्नच येणार नव्हता, ते पहिल्या हप्त्यापासून वसूल होऊ लागले होते. त्याबद्दल विचारल्यावर कचेरीतला सूर बदलला आणि कोऱ्या चेकांची आठवण करून देण्यात आली.

पतपेढीत काम करणाऱ्या एका मित्राने संगणकावर याचा हिशेब मांडून दिला. 92,000 रुपये घेऊन महिन्याला 14,750 प्रमाणे बारा हप्ते म्हणजे एकूण 1,77,000 रुपये, अर्थात 85,000 रुपये जास्त. घटत्या शिलकेवर, म्हणजे प्रत्येक हप्त्यानंतर उरणाऱ्या मुद्दलावर, हा दर महिन्याला जवळजवळ 12 टक्के पडतो, आणि वर्षाचा सरळ हिशेब केला तर सुमारे 142 टक्के. खरोखर 18 टक्के लावले असते तर हप्ता 8,435 रुपयांच्या आसपास राहिला असता आणि वर्षभराचे व्याज साधारण 9,200 रुपये झाले असते. म्हणजे सातव्या हप्त्यालाच आमचे सगळे कर्ज फिटून वर पैसे गेलेले होते. त्या वित्त कंपनीच्या 28 टक्क्यांनी पूर्ण एक लाख हातात आले असते तर घटत्या शिलकेवर वर्षाचे व्याज सोळा हजारांच्या आत राहिले असते. मुद्दलाचा खोटा आकडा खरा धरला, तरी सरसकट पद्धतीने लावलेले ते 18 टक्के घटत्या शिलकेवर 32 टक्क्यांच्या घरात जातात, ही गोष्ट वेगळीच.

व्याजदराला मर्यादा घालू नये, असे मी म्हणणार नाही. मर्यादा नसती तर तक्रार करायला आधारच उरला नसता. परंतु ज्याला बँक दारात उभे करत नाही अशा माणसाला 18 टक्क्यांनी विनातारण पैसे देणे सावकाराला परवडत नाही किंवा पुरेसे वाटत नाही, आणि मग तो जास्तीचे व्याज व्याजाच्या रकान्यात न लिहिता मुद्दलाच्या रकान्यात लिहितो. तपासणीला येणारा अधिकारी नोंदवही उघडून पाहतो तेव्हा त्याला दर 18 टक्केच दिसतो. कर्जदाराची अवस्था उघड्या बाजारापेक्षाही वाईट होते, कारण तिथे निदान खरा दर तोंडाने तरी सांगितला जातो. इथे कायद्याने ठरवलेला आकडाच आमिष म्हणून वापरला जातो.

कायद्याने हे ओळखलेले आहे. त्याच्या दृष्टीने मुद्दल म्हणजे कर्जदाराला प्रत्यक्ष दिलेली रक्कम. प्रत्यक्षापेक्षा वेगळी रक्कम लिहिलेली वचनचिठ्ठी घेणे किंवा कोऱ्या कागदावर सही घेणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती देणे सावकाराला बंधनकारक आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज एकूणात वसूल करता येत नाही, म्हणजे दामदुप्पटीचा जुना नियमही कायम आहे. अडचण आहे ती पुराव्याची. रोखीने हातात पडलेले 92,000 सिद्ध कसे करायचे? आमच्या बाबतीत एक गोष्ट उपयोगी पडली. रोकड घरात ठेवायची नाही म्हणून त्याच दुपारी ती सगळी मी माझ्या खात्यात भरली होती आणि दुसऱ्या दिवशी घरमालकाला ऑनलाईन पाठवली होती. वचनचिठ्ठीच्या तारखेलाच पासबुकात 92,000 रुपये रोख जमा झाल्याची नोंद आहे. वसुलीला येणारा मुलगा छापील पावती कधीच देत नसे, पण माझ्या खिशातल्या डायरीत हप्त्याची रक्कम आणि तारीख लिहून आद्याक्षरे टाकत असे. त्या डायरीचे प्रत्येक पान आता तक्रारीला जोडलेले आहे.

तक्रार कुठे करायची हेच पुष्कळांना ठाऊक नसते. आम्हीही आधी पोलीस चौकीत गेलो, तिथे हा दिवाणी व्यवहार आहे असे सांगून परत पाठवले. गृहनिर्माण सोसायट्यांची कामे ज्या सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात चालतात, तिथेच सावकारांच्या परवान्यांचे आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारींचेही काम पाहिले जाते. विनापरवाना सावकारी करणाऱ्याविरुद्धही तिथेच जावे. त्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. 18 टक्क्यांची ही मर्यादा बँकांना आणि रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी झालेल्या वित्त कंपन्यांना लागू नाही. राज्यांचे सावकारी कायदे अशा कंपन्यांना लागू होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये दिला. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर 30 टक्क्यांहून जास्त व्याज आकारू नये, हा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा निर्णयही डिसेंबर 2024 मध्ये रद्द झाला. बचत गटांच्या धर्तीवर कर्ज देणाऱ्या सूक्ष्म वित्त कंपन्यांवर एकेकाळी असलेली दराची मर्यादा एप्रिल 2022 पासून उठली आहे. तेव्हा वित्त कंपनीच्या माणसाला सावकाराचा दर दाखवून काही साधत नाही. त्याच्याकडे मागायचे ते मुख्य तथ्य विवरण (की फॅक्ट्स स्टेटमेंट). 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी ते देणे सक्तीचे आहे, आणि त्यात सगळे शुल्क धरून येणारा वार्षिक दर एकाच आकड्यात छापलेला असतो. सावकाराच्या पाटीवर नसतो तो नेमका हाच आकडा. अशा कंपनीने तक्रार ऐकून घेतली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. चौकशीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

आमच्या तक्रारीवर सुनावणी सुरू आहे. सावकाराने अजून चेक परत केलेले नाहीत, हप्ते मात्र आम्ही थांबवले आहेत आणि तसे त्याला रजिस्टर पोस्टाने कळवले आहे. आमच्याच चाळीतल्या आणखी दोन कुटुंबांच्या वचनचिठ्ठ्यांवर हातात आलेल्या रकमेच्या जवळजवळ दीडपट आकडा आहे, आणि त्यांनीही अर्ज दिले आहेत. परळ, लालबाग, शिवडी भागात ज्यांच्या कागदावर असाच फुगवलेला आकडा असेल, त्यांनी पासबुकाची प्रत, हप्त्यांच्या असतील तशा नोंदी आणि वचनचिठ्ठीचा मोबाईलवर काढलेला फोटो जोडून उपनिबंधक कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून निघू नये.