फाटला होता रबरी होज, बिल झालं चौऱ्याऐंशी हजारांचं

जुन्या डिझेल पिकअपवर ज्यांचं घर चालतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी गाडी बोलेरो पिकअप. २५२३ सीसीचं इंजिन, कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी, खूप दाबाची डिझेल यंत्रणा) यायच्या आधीचं, साध्या मेकॅनिकल डिझेल पंपाचं. नारायणगावला टोमॅटोचे क्रेट भरायचे, माळशेज उतरून कल्याणमार्गे वाशीला खाली करायचे आणि रिकामे क्रेट घेऊन घाट चढून परत यायचं, हा माझा धंदा. ही इंजिनं दणकट आहेत. ऑइल आणि फिल्टर वेळेवर मिळाले की वर्षानुवर्षं कुरकुर करत नाहीत. दुखणं आलंच तर ते धुरात, आवाजात आणि सेल्फ किती वेळ मारावा लागतो त्यात दिसतं. जाणता मिस्त्री तेवढ्यावरून निम्मं निदान करतो, बोल्टला पाना लावायच्या आधी. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: तपासायच्या आधी जो उघडायला बघतो, त्याच्या ताब्यात गाडी देऊ नका.

ऐन हंगामात गाडीला दोन दुखणी लागली. सकाळी पहिला स्टार्ट घ्यायला सेल्फ खूप वेळ मारावा लागायचा, मग गाडी अडखळत चालू व्हायची. एकदा चालू झाली की दिवसभर हात लावला की स्टार्ट. दुसरं, माळशेज चढताना गाडी ओढेना. मागे नुसते रिकामे क्रेट असूनही जिथं तिसऱ्यावर निघायची तिथं दुसरा टाकावा लागायचा, आणि मागून काळा धूर. एअर फिल्टर बदलला, डिझेल फिल्टरखालचं पाणी काढलं, फरक नाही. ओळखीचे मिस्त्री गावाला गेले होते, म्हणून हायवेलगतच्या एका मोठ्या गॅरेजला गाडी लावली. प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे आहे, त्यामुळे गॅरेजचं नाव इथं देत नाही.

तिथं मला तीन ‘पुरावे’ दाखवण्यात आले. हेच तीन पुरावे अजून कितीतरी गाडीमालकांना दाखवले जात असतील, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिला, चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण काढलं आणि माझा हात तिथं धरला. “बघा दादा, कसा दाब मारतोय. रिंगा गेल्या.” वाफ येत होती, हे खरं. पण लाखभर किलोमीटरच्या पुढं गेलेल्या डिझेल इंजिनात थोडी वाफ येतेच. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली उतरतो, त्यासाठीच तर ब्रीदर, म्हणजे तो गॅस काढून देणारी वाट, दिलेला असतो. बघायचं असेल तर झाकण उलटं करून त्या तोंडावर नुसतं ठेवायचं. जागेवर थरथरत राहिलं तर घाबरायचं कारण नाही. उडून पडलं तर शंका घ्यायची, आणि तरीही कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधल्या दाबाचा) गेज लावून चारही सिलिंडरचे आकडे मागायचे. आकड्यांशिवाय रिंगा गेल्या म्हणणं म्हणजे नाडी न बघता ऑपरेशन सांगणं.

दुसरा पुरावा टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा. टर्बोला जोडलेला हवेचा पाइप काढून आतलं ऑइल बोटाला लावून दाखवलं. पाइपाच्या आत ऑइलचा पातळ थर असणं नेहमीचं आहे. ब्रीदरची ऑइलमिश्रित वाफ त्याच वाटेनं इंजिनात परत जाते. पाइपात ऑइल साचून ओघळत असेल, धूर निळा असेल, ऑइलची पातळी उतरत असेल, तर टर्बोवर संशय घ्यावा. मग म्हणाले, शाफ्ट हलतो. शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगतो, त्यामुळे आडवा किंचित हलणारच. आतबाहेर सरकतो का आणि पंख्याची पाती घराला घासल्याची खूण आहे का, हे पाहायचं असतं. ते कोणी पाहिलं नाही.

तिसरा पुरावा सगळ्यांत वाईट, कारण त्यात खऱ्या तपासणीचा अर्थच उलटा करून सांगितला. इंजिन चालू ठेवून एका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपाचा नट ढिला केला. इंजिन थरथरलं, आवाज बदलला. “ऐकलंत ना? हा सिलिंडर खराब.” प्रत्यक्षात नट ढिला केला की त्या सिलिंडरचं डिझेल बंद होतं. तो सिलिंडर काम करत असेल तरच इंजिनाचा आवाज पडतो. नट ढिला करूनही काहीच फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीपासून मेलेला. म्हणजे माझ्या समोर माझा चांगला सिलिंडर चांगला असल्याचं सिद्ध झालं होतं आणि मला तो खराब म्हणून विकला गेला. (ही तपासणी फक्त मेकॅनिकल पंपाच्या गाडीवर. कॉमन रेलच्या गाडीवर कोणीही असला नट ढिला करू नये. तिथं डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो आणि ती बारीक धार कातडी फोडून आत शिरते.)

मी अंदाजाचा आकडा लिहून मागितला. “उघडल्यावरच कळेल” असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, गाडी उघडून झाली होती. हेड (इंजिनाचं वरचं झाकण) उतरवलंय, त्याखालचं पॅकिंग जळालंय, पंप कॅलिब्रेशनला (डिझेलचं माप जुळवायला) पाठवलाय, आता पुढं जायचं का सांगा. हा फोन असाच वेळ साधून येतो. गाडीचे तुकडे टेबलावर, माल शेतात पिकलेला, व्यापाऱ्याचा तगादा सुरू. अशा वेळी नाही म्हणायला मालकाकडे जागाच राहत नाही.

बिल असं होतं: टर्बो २४,०००, पंपाचं काम १८,५००, चार नोझल ९,६००, हेडचं पॅकिंग आणि व्हॉल्व्ह घासणं १५,४००, ऑइल-फिल्टर ४,८००, लेबर ११,७००. एकूण ८४,०००. साध्या छापील पॅडवर, जीएसटी नंबर नाही. जुने भाग मागितले तर एक जळकं पॅकिंग हातात दिलं आणि बाकीचे भाग एक्स्चेंजमध्ये गेले म्हणून सांगितलं.

गाडी घाटात पहिल्यासारखीच अडली. धूर तोच. सकाळचा स्टार्ट तर आधीपेक्षा जड झाला.

मग पंपाचं काम करणाऱ्या एका वयस्क मिस्त्र्यांकडे गेलो. माझा पंप पूर्वी त्यांनीच कॅलिब्रेट केला होता. त्यांनी मला स्टेअरिंगवर बसवून रेस द्यायला सांगितली आणि स्वतः टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी होजवर हात फिरवत राहिले. खालच्या अंगाला, क्लिपच्या अगदी कडेला होज चिरला होता. इंजिन बंद असताना चीर मिटलेली, दिसायची नाही. टर्बोनं दाब धरला की उघडायची आणि हवा फुसकन बाहेर. पंप डिझेल ठरल्याप्रमाणे देतोय आणि सिलिंडरला हवा कमी पडतेय, म्हणून डिझेल पुरतं जळत नाही, धूर काळा येतो आणि गाडी ओढत नाही. घाटातल्या दुखण्याचं कारण एवढंच होतं. होज सातशेच्या आत मिळाला.

सकाळच्या स्टार्टसाठी त्यांनी गाडी रात्रभर उभी करायला सांगितली. सकाळी सेल्फला हात लावायच्या आधी फिल्टरवरचा हातपंप घट्ट होईपर्यंत मारला. मग सेल्फ दिला, गाडी लगेच उठली. “कॉम्प्रेशन गेलं असतं भाऊ, तर हातपंप मारून उठली असती का?” रात्रीतून डिझेल टाकीकडे उतरत होतं, म्हणजे लाइन कुठूनतरी हवा घेत होती. त्यांनी फिल्टरपुढे पारदर्शक पाइपाचा तुकडा तात्पुरता जोडला. बुडबुडे स्पष्ट दिसले. फिल्टरच्या बोल्टवरचे तांब्याचे वॉशर बसून गेले होते आणि टाकीकडच्या रबरी पाइपाला भेगा होत्या. दोन्ही बदलले. ही हातपंपाची तपासणी कोणीही घरी करू शकतो आणि तिला एक रुपया लागत नाही. ज्याची गाडी फक्त सकाळी त्रास देते, त्यानं गॅरेजला जाण्याआधी ती जरूर करावी.

आता फसवणुकीचा खरा भाग. टर्बो बसवलेल्या नटांवर जुना गंज जसाच्या तसा होता, पान्याचा एक ओरखडा नाही. टर्बो निघालाच नव्हता. वरून रुपेरी स्प्रे मारला होता. हेडच्या बोल्टांचंही तेच, वर्षांची मळी चिकटलेली. म्हणजे ते जळकं पॅकिंग दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं. आणि पंप? मिस्त्र्यांनी पंपाची पाटी फडक्यानं पुसली, आपली जुनी वही काढली आणि गप्प झाले. वहीतला माझ्या पंपाचा नंबर वेगळा होता. गाडीवर बसवलेला पंप माझा नव्हताच.

हे कळलं तेव्हा मला पैशापेक्षा त्या पंपाचं वाईट वाटलं. आमच्याकडे अजून ‘मायकोचा पंप’ म्हणतात. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं तरी जुन्या लोकांच्या तोंडात मायकोच आहे. चांगला सांभाळलेला पंप इंजिनाइतकाच टिकतो, त्यामुळे जुन्या पंपाला चांगला भाव असतो. माझ्या गाडीवर आलेला पंप मिस्त्र्यांनी बेंचवर लावला. चार काचेच्या नळ्यांत डिझेलची पातळी सारखी यायला हवी होती, ती चारही ठिकाणी वेगळी होती. कोणाच्या तरी थकलेल्या पंपासाठी मी साडेअठरा हजार मोजले आणि माझा चांगला पंप कुठंतरी विकला गेला.

गॅरेजवर गेलो तर आधी उडवाउडवी, मग दमदाटी. मी मिस्त्र्यांकडून वहीतल्या नोंदीची प्रत घेतली, नटांचे आणि पाटीचे फोटो काढले, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. वकिलाची नोटीस गेल्यावर टर्बो आणि हेडचे मिळून ३९,४०० परत आले. पंपाबद्दल मात्र ते कबूल होईनात, म्हणून जिल्हा आयोगात तक्रार टाकली.

इथं एक गोष्ट गाडीवाल्यांना कोणी सांगत नाही. पिकअप म्हणजे धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहक नाही, असं म्हणून समोरचा हुसकावतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्पष्टीकरण आहे की केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी केलेला वापर व्यापारी हेतूत धरला जात नाही. स्वतःची गाडी स्वतः चालवून संसार करणाऱ्यानं हा मुद्दा तक्रारीत सुरुवातीलाच लिहावा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. बिल किंवा पावती न देणं हीसुद्धा याच कायद्यानं अनुचित व्यापार प्रथा ठरते.

बिलावर जीएसटी लावला असेल तर पंधरा अक्षरांचा नंबर हवाच. महाराष्ट्रातला असेल तर तो २७ नं सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर कोणालाही तपासता येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर १८ टक्के दर आहे. जुना २८ चा दर अजून कोणी लावत असेल, तर तिथंच बोट ठेवा.

मी आता गाडी कुठंही लावताना कामाचा कागद दोन प्रतींत करतो: तक्रार काय, कोणती तपासणी करणार, आणि माझ्या लेखी होकाराशिवाय हेड, पंप, टर्बो उतरवायचा नाही. बदललेला प्रत्येक जुना भाग गाडीच्या हौद्यात परत हवा, एक्स्चेंज असेल तर त्याची वजावट बिलात दिसायला हवी. चांगल्या मिस्त्र्याला याचा राग येत नाही. आमच्या पंपवाल्या मिस्त्र्यांनी तो कागद वाचला, खाली सही केली आणि स्वतःहून त्यात पंपाचा नंबर टाकला.

तुमची गाडी आत्ता अंगणात उभी असेल, तर बॉनेट उघडून हे काम आजच करून घ्या. पंपाच्या अंगावर छोटी धातूची पाटी असते, बहुतेक वेळा तेलानं माखलेली. डिझेलचं फडकं फिरवलं की नंबर वाचता येतो. पंपाची पाटी, टर्बोची पाटी, इंजिन नंबर, तिन्हींचे फोटो काढा आणि गाडीच्या नंबर प्लेटचा एक फोटो त्यांच्या सोबत ठेवा. सेल्फ आणि अल्टरनेटरचेही काढून ठेवा, तेही बदलले जातात.