बार्बाडोस चेरी: कोल्हापुरातल्या छोट्या अंगणात लावून वर्ष होत आलं, त्याचा अनुभव

आधी एक क्लिअर करतो, मे महिन्यात काश्मीरहून बॉक्समधून येते ती चेरी वेगळी. तिला कळ्या फुटायला हिवाळ्यात साधारण ७ डिग्रीच्या खाली शेकड्यांनी तास थंडी लागते, आणि आपल्याकडं ऐन जानेवारीत पण पारा १० च्या खाली क्वचितच जातो. त्यामुळं ऑनलाइन 'बुटकी चेरी, कुंडीत फळं' असं दिसलं तर पैसे खिशातच ठेवा, रोप जगेलही कदाचित, पण फळाचं नाव नको.

मी लावली ती बार्बाडोस चेरी, वेस्ट इंडीजकडची, गरम हवेतलं झुडूप. रोप गुटी कलमाचंच (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं) घ्या, बियांची उगवण खात्रीची नसते. नर्सरीत सुरिनाम चेरी पण चेरी म्हणूनच खपवतात, फळाला ठळक उभ्या खाचा असल्या की ती सुरिनाम, चव जरा राळेसारखी, मला नाही आवडली.

आता जागा. सगळा खेळ इथंच आहे. बंगल्याच्या पुढं गाडी, मागं टाकी, पश्चिमेला शेजाऱ्यांची दोन मजली भिंत. शेजारच्या काकू म्हणाल्या, "टाकीपाशी लावा की ओ, पाणी घालायला सोपं." पण तिथं ऊन दोन तास पण नाही, आणि हिला निदान सहा तास पाहिजेच. म्हणून आग्नेयेचा कोपरा, कंपाउंडपासून तीन-चार फूट आत, आणि स्लॅबच्या पन्हाळीचं पाणी जिथं पडतं त्याच्यापासून लांब. आमची काळी माती जुलैत नुसता चिखल, पाणी हटतच नाही, म्हणून मुरूम, तांबडी माती, शेणखत मिसळून हातभर उंच वाफा केला आणि त्यावर रोप. पावसाळा आरामात निघाला. मुळं वरवरच पसरतात, त्यामुळं घराच्या पायाची काळजी नाही, पण वाऱ्यानं झाड कलतं, पहिले काही महिने बांबू बांधून ठेवा आणि बुडाशी खुरपं खोल घालू नका. आम्ही उसाचं पाचट पसरलं, ते आपल्याकडं काय कमी आहे होय!

फुलं गुलाबी, झुपक्यानं येतात, निम्मी गळतात, घाबरू नका. टिकलेल्या फुलाचं तीन-चार आठवड्यांत लाल फळ. ते झाडावर ठेवलं की बुलबुलाचं, तोडून ठेवलं की दोन-तीन दिवसांत नरम. म्हणजे मार्केटला का दिसत नाही ते कळलं. चव आंबट, काश्मिरी चेरी डोक्यात ठेवून खाल्ली तर तोंड वाकडं होईल. पण व्हिटॅमिन सी १०० ग्रॅममध्ये हजार मिलिग्रॅमच्या वर, संत्र्यात पन्नासेक, आणि हिच्या अर्धवट पिकलेल्या फळात अजून जास्त. आई सरबत करते, न उकळता.

त्रास म्हणाल तर पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी कीड) आणि त्यांच्या मागून मुंग्या. नीम तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी फवारायचं. छाटताना फुल बाह्या घाला, कोवळ्या पानांवरची बारीक लव खाजते. फळं नव्या फुटीवर येतात, त्यामुळं बिनधास्त छाटा, डोक्याएवढी उंची आरामात राहते.

फ्लॅटवाल्यांनो, मोठ्या ड्रममध्ये जमतं, खाली भोकं भरपूर पाडा. पूर्वेची किंवा दक्षिणेची गॅलरी बेस्ट, उत्तरेची असेल तर मात्र पुदिनाच लावा.