टीडीएस उतरला, टाकी मात्र कुजतच राहिली

गोव्यात फोंड्याजवळ माझं गाड्या धुण्याचं सेंटर आहे. धुतलेलं पाणी तीन चेंबरांत निवळतं, वर आलेलं तेल अडवलं जातं, मग वाळूच्या फिल्टरमधून तेच पाणी पुन्हा वापरात येतं. शेवटचं खंगाळणं तेवढं विहिरीच्या पाण्याने. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो, पण एप्रिल-मे महिन्यांत विहिरीचा तळ दिसतो, म्हणून कर्ज काढून ही सोय केली होती.

गेल्या चवथीला पाच दिवस सेंटर बंद ठेवलं. उघडलं तर आवारभर कुजक्या अंड्यांचा वास आणि पाणी दुधाळ करडं. गाड्या भाड्याने देणाऱ्या दोघांनी आपल्या गाड्या न धुताच परत नेल्या. त्याच आठवड्यात एक माणूस दारात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा मीटर, गोड बोलणं. त्याने टाकीच्या पाण्यात मीटर बुडवला आणि 910 आकडा दाखवला. मग दोन ग्लास मांडले, एकात टाकीचं पाणी, दुसऱ्यात बाटलीचं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडून वीज लावली. मिनिटभरात टाकीचं पाणी हिरवट तपकिरी झालं, वर फेस आला. ‘बघा, एवढं विष तुम्ही गाड्यांवर मारता,’ म्हणाला. मी घाबरलो.

ती घाण पाण्यातली नव्हतीच. कांड्या लोखंडाच्या होत्या. ज्या पाण्यात क्षार जास्त, त्यातून वीज जास्त वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचाच गाळ दिसतो. बाटलीच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून ते जवळजवळ स्वच्छ राहिलं. मीटरही पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. वास, तेल, गढूळपणा यांतलं काहीच त्याला कळत नाही. हे सगळं मला नंतर समजलं. त्या दिवशी 90,000 रुपये आगाऊ दिले आणि उरलेले 50,000 बसवल्यावर.

त्याने एक निळी उभी टाकी बसवली, एक पावडर दिली. जाताना पुन्हा मीटर बुडवला, आकडा 280. वासही कमी झाला होता. मी समाधानाने पैसे मोजले.

नोव्हेंबरात वास परत आला. फोन केला तर म्हणाला, संडास धुवायचं अ‍ॅसिड टाकीत ओता, वास मरेल. माझ्याकडे कामाला असलेला पोरगा झाकण उघडून ओतायला वाकला आणि चक्कर येऊन तिथेच बसला. दुसऱ्याने ओढून बाजूला घेतलं म्हणून निभावलं. असल्या कुजलेल्या पाण्यात अ‍ॅसिड गेलं की त्यात विरघळलेला हायड्रोजन सल्फाइड भसकन वायू होऊन बाहेर येतो. तो जास्त असेल तर नाकाला वास येणंच बंद होतं, आणि माणूस आत पडला तर वाचवायला उतरणाराही जातो. पैसे गेले त्याचं दुःख आहे, पण या गोष्टीचा राग अजून उतरत नाही.

फेब्रुवारीत विहीर नेहमीपेक्षा लवकर खाली गेली, तेव्हा मी भावोजींना बोलावलं. ते पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी पाइप हातानेच चाचपत नेला. निळ्या टाकीमागे विहिरीच्या लाइनला एक व्हॉल्व्ह जोडलेला होता, अर्धा उघडा. माझ्याच विहिरीचं गोडं पाणी रात्रंदिवस आत येत होतं आणि आकडा त्यानेच उतरला होता. व्हॉल्व्ह बंद केला आणि आठवड्याभरात मीटर पुन्हा चढला. चढणारच, कारण वाळू, कोळसा किंवा निवळणं यांनी विरघळलेले क्षार निघत नाहीत. त्याला आरओ लागतो, नाहीतर ताजं पाणी.

खरा आजार भावोजींनी एका बांबूने शोधला. चार फुटांच्या पहिल्या चेंबरात अडीच फूट गाळ होता. उसगाव, धारबांदोड्याकडून येणाऱ्या गाड्यांची सगळी तांबडी माती तिथे साठलेली. हवा न मिळाल्याने तळात जिवाणू वाढतात आणि तो वास तेच करतात. मग पाणी बाटलीत भरून अर्धा तास ठेवलं. माती खाली बसली, पण वरचं पाणी दुधाळच. म्हणजे तेल साबणात मिसळून गेलं होतं. ऑगस्टमध्ये मी शाम्पू बदलला होता, तेव्हापासून तेल वर येतच नव्हतं.

टँकरवाल्याने बाहेरूनच पाइप टाकून गाळ उपसला, कुणाला आत उतरू दिलं नाही. जुना शाम्पू परत आणला, छोटा ब्लोअर बसवून टाकीत हवा सोडली. तो सुट्टीतही चालू असतो. सगळं मिळून 22,000 रुपये. दहा दिवसांत वास गेला.

पोलिसांत तक्रार दिली आहे. पावतीवरच्या पत्त्यावर दुसरंच दुकान निघालं. तो डिचोलीकडच्या दोन सेंटरांत मीटर घेऊन जाऊन आल्याचं परवा कळलं. तुमच्याकडे आला, तर आधी विहिरीचा पंप बंद करा, नळाची लाइनही बंद करा, आठ दिवस तसंच काम चालवा. मग बुडवू दे त्याला मीटर.