चिनी वाद्यवृंदाचा वर्ग : छोटी बैठक की मोठा संच?

अमेरिकेतील काही विद्यापीठांत चिनी पारंपरिक वाद्यवृंदाचा वर्ग ऐच्छिक विषय म्हणून घेता येतो. जे संगीत अभ्यासायचे ते वाजवायलाही शिकायचे, हा आग्रह संगीतशास्त्रज्ञ मँटल हूड यांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९५० च्या दशकापासून धरला आणि तिथून अशा वर्गांची प्रथा पसरत गेली. मात्र एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न प्रकारचे वर्ग चालतात, म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी आपल्या विद्यापीठात त्यांतला कोणता आहे हे शिक्षकांना विचारून घ्यावे.

पहिला प्रकार ‘सिजू’ संगीताचा. ‘सि’ म्हणजे रेशीम, कारण तारा पूर्वी रेशमाच्या असत, आणि ‘जू’ म्हणजे बांबू, अर्थात बासरीसारखी वाद्ये. शांघाय परिसरातील चहागृहांत टेबलाभोवती बसून वाजवले जाणारे हे संगीत आहे. त्यात संचालक नसतो. सगळे एकच चाल वाजवतात, पण प्रत्येक वाद्य ती आपापल्या स्वभावानुसार सजवते, आणि शेजारच्याने जागा भरली तर आपण ती मोकळी सोडायची असते. गायकामागून हार्मोनिअम किंवा सारंगीची साथ ज्याने लक्षपूर्वक ऐकली आहे, त्याला ही रीत लवकर उमगते.

दुसरा प्रकार विसाव्या शतकात पाश्चात्त्य सिंफनीच्या धर्तीवर उभा राहिला. गजाची, छेडून वाजवायची, फुंकीची आणि तालाची असे चार विभाग, लिहिलेले स्वतंत्र भाग आणि समोर संचालक. १९७७ मध्ये स्थापन झालेला हाँगकाँग चायनीज ऑर्केस्ट्रा हे त्याचे ठळक उदाहरण. व्हायोलिन शिकलेल्या, वाचून वाजवणाऱ्या विद्यार्थ्याला इथे अधिक सोपे जाते, आणि नवख्याला मोठ्या संचात आधारही मिळतो. तरीही आपल्या संगीताचे संस्कार असलेल्याने सिजूच निवडावे असे मला ठामपणे वाटते, कारण तिथे कान तयार होतो.

स्वरलिपी दोन्हीकडे बहुधा आकड्यांची असते : १, २, ३, ५, ६ म्हणजे आपले सा, रे, ग, प, ध. तार आणि मंद्र सप्तकासाठी वर-खाली टिंब देण्याची पद्धत भातखंडे लिपीशी जुळते, पण एका ठिकाणी हमखास फसगत होते. आपल्याकडे स्वराखालची रेघ कोमल दाखवते, तर तिथे आकड्याखालची रेघ कालावधी निम्मा करते.

वाद्याची निवड मात्र सर्वांत जास्त विचाराने करावी. गूजंग या आडव्या, छेडून वाजवायच्या तंतुवाद्याच्या एकवीस तारा साधारणपणे भूपाच्याच पाच स्वरांत लावलेल्या असतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी गोड वाजते. मध्यम हवा असेल तर गंधाराची तार घोडीच्या डाव्या बाजूला दाबून वर चढवायची, आणि मींडही तशीच काढायची. अर्हू या दोन तारांच्या गजवाद्याचे तसे नाही. त्याच्या गजाचे केस दोन तारांच्या मधून ओवलेले असतात, त्यामुळे गज बाहेर ढकलला की एक तार बोलते आणि आत ओढला की दुसरी. बोटांखाली पट्टीच नसल्याने तार अधांतरी दाबून स्वर केवळ कानाने शोधावा लागतो. हाती एकच सत्र असेल तर गूजंग किंवा संतुरासारखे काठ्यांनी वाजणारे यांगछिन घ्यावे. दोन-तीन सत्रे देता येणार असतील तरच अर्हूकडे वळावे. ते विकत घेऊन भारतात आणायचे असेल, तर पारंपरिक अर्हूवर अजगराचे कातडे असते आणि त्याच्या सीमापार वाहतुकीला परवाना लागू शकतो, हे आधीच ध्यानात घ्यावे. हाँगकाँगच्या वरील वाद्यवृंदाने विकसित केलेल्या प्लॅस्टिक पडद्याच्या वाद्यांना ही अडचण येत नाही.